गुलाबी देह, निळ्या चौकटी: मातिसची पहुडलेली स्त्री इतकी जवळ का वाटते?

एक ए-फोर कागद घ्या आणि आडवा धरा. त्याची लांबी आणि रुंदी दोन्ही तिपटीपेक्षा जराशी जास्त वाढवली, की आंरी मातिस या फ्रेंच चित्रकाराच्या ‘गुलाबी विवस्त्रा’ या चित्राचा कॅनव्हास मिळतो: सुमारे ६६ बाय ९३ सेंटिमीटर. एकट्या माणसाला दोन हातांत धरून सहज उचलता येईल एवढाच. पण पुस्तकात किंवा मोबाइलवर हे चित्र पहिल्यांदा बघणाऱ्याला ते भिंतभर असणार असंच वाटतं. त्यात पहुडलेली बाई इतकी मोठी दिसते, बघणाऱ्याच्या इतकी जवळ येते, की कॅनव्हास लहान आहे हे सांगूनही पटत नाही.

हे कसं घडतं याचा माग काढता येतो, कारण पुरावा शिल्लक आहे. १९३५ च्या मे महिन्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत हे चित्र रंगवताना मातिसने वेळोवेळी त्याचे फोटो काढवून ठेवले. त्यातले २२ फोटो त्याने अमेरिकेतल्या एटा कोन या संग्राहक बाईंना पाठवले. चित्र त्यांनी विकत घेतलं आणि आज ते बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टमध्ये आहे. त्याच संग्रहात मातिसचं १९०७ सालचं ‘निळी विवस्त्रा’ही आहे. एकाच चित्रकाराने २८ वर्षांच्या अंतराने रंगवलेल्या दोन पहुडलेल्या स्त्रिया एका छपराखाली आल्या आहेत. मातिसच्या हातात रंग नेमकं काय काम करतो हे शिकायला याहून चांगली जोडी सापडणार नाही.

‘रानटी’ रंगामागचा हिशोब

१९०५ च्या शरद ऋतूत पॅरिसच्या ‘सालाँ दोतोन’ या प्रदर्शनात मातिस, आंद्रे देरँ, आल्बेर मार्के, आंरी मांगँ अशा काही जणांची चित्रं एकत्र लागली. त्याच दालनात जुन्या इटालियन वळणाचा एक संगमरवरी अर्धपुतळा होता. लुई व्होक्सेल या समीक्षकाने लिहिलं, की हा तर श्वापदांच्या गराड्यात सापडलेला दोनातेल्लो (पंधराव्या शतकातला इटालियन शिल्पकार)! फ्रेंचमध्ये ‘फोव्ह’ म्हणजे रानटी श्वापद. ते नाव चिकटलं. गट म्हणून या मंडळींचा जोर तीन-चार वर्षंच टिकला. १९३५ चा मातिस स्वतःला फोव्ह म्हणवत नव्हता. पण १९०५ च्या सुमारास हाती लागलेली गोष्ट त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

ती गोष्ट अशी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला रंगचक्र काढलेल्या कोणालाही ती समजेल. रंगाच्या दोन बाजू वेगळ्या करायच्या. एक, तो कोणता आहे: लाल, हिरवा, निळा. दोन, तो किती उजळ किंवा किती गडद आहे, म्हणजे त्याचा छायाभेद. युरोपातल्या जुन्या पद्धतीत देह रंगवताना पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा लाल मिसळून उजेडाची बाजू करत आणि त्याच मिश्रणात तपकिरी घालून सावलीची. कातडीचा रंग जवळपास तोच राहायचा, छायाभेद बदलायचा. फोव्ह चित्रकारांनी छायाभेद बऱ्यापैकी सांभाळून रंगच बदलला. उजेड पडतो तिथे गुलाबी किंवा नारिंगी, अंग वळतं तिथे हिरवा, खोल जातं तिथे निळा नाहीतर जांभळा. उष्ण रंग पुढे येतात, शीत रंग मागे सरतात, हे शाळेत पाठ केलेलं वाक्य त्यांनी गोलाई दाखवायला वापरलं.

मातिसने १९०५ मध्येच रंगवलेलं बायकोचं एक छोटं व्यक्तिचित्र कोपनहेगनमधल्या डेन्मार्कच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत सरळ हिरवा पट्टा! तरीही चेहरा चेहराच राहतो, कारण तो पट्टा चेहऱ्याची उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांच्या बरोबर शिवेवर पडतो. रंग मनाला येईल तसा लावला आहे असं वाटत असेल, तर त्या चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहावा. हिरवा जातो, नाकाचा उंचवटा तिथेच असतो. फोव्ह शैलीची नक्कल करणारे नेमके इथेच घसरतात. रंग भडक घेतात, पण छायाभेद सांभाळत नाहीत. मग गालावरचा हिरवा डाग डागच राहतो.

पहुडलेल्या विवस्त्र स्त्रीचा विषय या मंडळींपैकी मांगँने फार मायेने हाताळला. त्याची मॉडेल बहुतेक वेळा त्याची पत्नी जान असे. १९०५ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या सँ-त्रोपेला त्याने झाडांच्या सावलीत विसावलेली जान रंगवली. तिच्या अंगावरचे कवडसे नारिंगी, सावल्या जांभळ्या-हिरव्या. जिव्हाळा आणि भडक रंग एकत्र नांदू शकतात हे त्याने दाखवलं. मांगँच्या चित्रात मात्र आपण झाडापलीकडून, चार पावलांवरून बघतो. ती चार पावलं मातिसने पुसली. त्याला तीस वर्षं लागली.

निळी: मातीतून आलेलं चित्र

१९०६ मध्ये मातिस अल्जीरियाला जाऊन आला. बिस्क्रा नावाच्या मरूद्यानाची आठवण घेऊन तो कोलिऊरला परतला. हे दक्षिण फ्रान्समधलं, स्पेनच्या सीमेजवळचं मच्छीमारांचं गाव. १९०७ च्या सुरुवातीला तिथे तो पहुडलेल्या स्त्रीचं मातीचं शिल्प घडवत होता: एक हात डोक्यावरून मागे घेतलेला, कंबर पिळलेली, वरचा नितंब उंच उचललेला. काम रंगात आलं असताना शिल्प खाली पडून मोडलं. मातिस संतापला, हताश झाला, आणि मग तीच आकृती त्याने मोठ्या कॅनव्हासवर रंगवायला घेतली. शिल्प नंतर दुरुस्त करून पुरंही केलं.

हा अपघात लक्षात ठेवला की ‘निळी विवस्त्रा’मधल्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. देह इतका पिळलेला का? कारण शिल्पकार मूर्तीभोवती फिरतो. त्याला छाती समोरून, कंबर बाजूने आणि नितंब मागून माहीत असतो. मातिसने त्या तिन्ही बाजू एका सपाट पृष्ठावर आणल्या. शरीरशास्त्राच्या दृष्टीने अशी पोझ कोणाला घेता येणार नाही. पण देहाची ओढाताण करणारा तो पहिला नव्हे. अँग्र या फ्रेंच चित्रकाराच्या १८१४ च्या ‘ग्रांद ओदालिस्क’ची (ओदालिस्क म्हणजे जनानखान्यातली स्त्री) पाठ इतकी लांब आहे, की तिला जास्तीचे मणके असल्याची टीका तेव्हाच झाली होती. १९०७ मध्येच एद्वार माने या फ्रेंच चित्रकाराचं ‘ऑलिंपिया’ हे पहुडलेल्या विवस्त्र स्त्रीचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आलं आणि त्या अँग्रजवळ टांगलं गेलं. आडव्या विवस्त्र स्त्रीचं चित्र कसं असावं ही चर्चा पॅरिसमध्ये अशी गरम असताना मातिसने आपलं उत्तर दिलं.

आता निळा. हा देह निळ्या रंगाने भरलेला नाही. जवळून पाहिलं तर अंगावर फिकट गुलाबी, करडा आणि पांढरट रंग भरपूर आहे. निळा आहे तो मुख्यतः कडेने: जाड बाह्यरेषेत आणि रेषेलगत आत पसरलेल्या सावलीत. मातीच्या गोळ्यावर अंगठा दाबून खोलगा करावा तसा मातिस निळ्याने कड दाबतो, त्यामुळे मधला उजळ भाग फुगून वर येतो. बाह्यरेषेच्या बाहेरही निळसर हिरव्या छटा सांडल्या आहेत. नीट बघितलं तर हाता-पायांच्या आधीच्या जागा तिथे अर्धवट पुसलेल्या दिसतात. त्या झाकून टाकणं सहज शक्य होतं. त्याने ठेवल्या, आणि त्यांनी देहाभोवती हालचाल भरली. नितंबाची कमान आणि मागच्या खजुरीच्या झावळ्यांची कमान एकाच वळणाची आहे. झावळी झाकून चित्र बघा, उचललेली कंबर एकदम जड होते. वरच्या बाजूने तिला तोलून धरणारं काही उरत नाही.

चित्र त्याच वर्षी पॅरिसला प्रदर्शनात लागलं तेव्हा गदारोळ झाला. १९१३ मध्ये आधुनिक कलेचं एक मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कहून शिकागोला गेलं, तेव्हा तिथल्या कलाविद्यार्थ्यांनी मातिसच्या चित्रांच्या नकला करून जाळल्या. त्यात याची नक्कलही होती. त्यांचा राग ‘कुरूप’ देहावर होता. आज या चित्रावर विचारायचा प्रश्न वेगळा आहे. अल्जीरिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता, आणि वसाहतीतली स्त्री म्हणजे बघण्यासाठी मांडलेला देह, ही युरोपीय चित्रकलेची जुनी सवय. १९२० च्या दशकात नीसच्या घरात पडदे-गालिचे लावून, मॉडेलना पौर्वात्य पेहराव चढवून मातिसने काढलेल्या ‘ओदालिस्क’ चित्रांवरही हा आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. रंगाची कारागिरी शिकताना तो विसरायचं कारण नाही. ‘गुलाबी’त हा सगळा नाटकी सरंजाम नाही. खजूर गेला, पडदे गेले, गालिचाही गेला.

टाचण्या, कागद आणि टर्पेंटाइन

मधल्या काळात घडलेल्या एका गोष्टीने मातिसची कामाची पद्धत बदलली. अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन गावात, अल्बर्ट बार्न्स या संग्राहकाच्या इमारतीसाठी त्याने कमानींखाली बसणारं एक प्रचंड भित्तिचित्र रंगवायला घेतलं होतं. कमानींची मापं चुकली आणि सगळं नव्याने करावं लागलं. एवढ्या मोठ्या आकृत्या पुनःपुन्हा पुसून काढणं अशक्य, म्हणून त्याने साहाय्यकांकडून कागद रंगवून घेतले, आकृत्या कापल्या आणि टाचण्यांनी कॅनव्हासवर टोचून हलवत राहिला. आकृती चार बोटं सरकवायची तर टाचणी काढायची, कागद सरकवायचा. वाळायची वाट बघायला नको. ते काम १९३३ मध्ये पूर्ण होऊन भिंतीवर चढलं.

याच कामाच्या वेळी, १९३२ मध्ये, लीदिया देलेक्तोर्स्काया ही सायबेरियातल्या तोम्स्कमध्ये जन्मलेली तरुणी मातिसच्या स्टुडिओत मदतनीस म्हणून आली. पुढे ती त्याच्या आजारी पत्नीची देखभाल करू लागली आणि १९३५ पासून मॉडेल म्हणून बसू लागली. ‘गुलाबी विवस्त्रा’ तिच्यावरूनच रंगवलं आहे. तेव्हा ती २५ वर्षांची होती, मातिस ६५ चा. चित्रातल्या जवळिकीचं कारण लोक त्या दोघांच्या नात्यात शोधत बसतात. त्या शोधातून हाती काही लागत नाही, कारण पहिल्या फोटोतही तीच बाई आहे आणि त्या फोटोत ही जवळीक मुळीच नाही.

तेलरंगात इतके बदल करणं किती अवघड असतं, हे कलामहाविद्यालयात ‘न्यूड स्टडी’ला बसलेल्या विद्यार्थ्याला सांगायला नको. ओल्या थरावर दुसरा रंग चढवला की दोन्ही मिसळून गढूळ होतात. सुकू द्यायचं तर दिवसच्या दिवस जातात. थरांवर थर चढवत गेलं तर खालच्या ब्रशचे उंचवटे वरून दिसत राहतात, आणि खालचा थर जास्त तेलाचा व वरचा कमी तेलाचा झाला तर पुढे तडे जातात. म्हणून मातिसने दोन वाटा धरल्या. एक, बदल आधी रंगीत कागदाने अजमावायचा. दुसरी, जे पटलं नाही ते टर्पेंटाइनने पुसून कॅनव्हास पुन्हा मोकळा करायचा. पुसण्याआधी फोटो. फोटो हातात असल्यामुळे पुसायची भीती उरत नसे, हा त्याचा सर्वांत मोठा उपयोग. आजच्या मोबाइलवाल्या चित्रकाराने ही सवय जशीच्या तशी उचलावी.

फोटो कृष्णधवल आहेत. त्यांतून आकार कसे बदलले ते कळतं, रंग कधी आणि कसे बदलले ते पूर्ण कळत नाही. मध्यम गुलाबी आणि मध्यम निळा अशा फोटोत जवळजवळ एकाच करड्या रंगाचे दिसू शकतात. फोटो बघताना हे ध्यानात ठेवावं.

काय काय काढून टाकलं

पहिल्या फोटोत एक खोली आहे. बाई कोचावर पहुडली आहे, मागे खुर्ची आणि फुलांचं भांडं आहे. पाय दूर जाताना लहान होत जातात, जसे खरोखर दिसतील तसे. चित्र सफाईदार आहे, चुकीचं काहीच नाही. बघणारा मात्र दारात उभा राहतो.

मग खोली आटत जाते. कोच आधी मागेपर्यंत गेलेला होता, त्याला बसायची जागा आणि पाठ होती. हळूहळू त्याची एक सपाट चौकटींची पट्टी होते. खुर्ची आणि फुलं आक्रसून नुसत्या खुणांपुरती उरतात. देह वाढत जातो, आधी लांबीला, मग जाडीला, आणि शेवटी कॅनव्हासच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचतो. हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. कुठे तो पुढे जाऊन मागे येतो, कुठे आकृती फार आखीव होते आणि पुढच्या टप्प्यात पुन्हा सैल पडते. सहा महिने लागले ते याला.

शेवटच्या चित्रात चार गोष्टी ठरवून पाहाव्यात.

पहिली, डोकं. धडाच्या मानाने ते अगदी लहान आहे, चेहरा मोजक्या रेषांचा. माणसाचा डोळा कुठल्याही चित्रात आधी चेहऱ्याकडे धावतो. चेहऱ्यात पापण्या, ओठ, भाव भरले असते तर नजर तिथेच अडकली असती आणि बाकीचा देह नुसता टेकू झाला असता. चेहरा हलका ठेवल्यामुळे नजर खांद्यावरून दंडाकडे, तिथून कमरेकडे, मांडीकडे वाहत राहते. लहान डोक्यामुळे आणखी एक होतं. अगदी जवळ आडव्या पडलेल्या माणसाकडे पाहताना जवळचा दंड मोठा आणि चेहरा पलीकडे लहान दिसतो, तसंच इथे घडतं. जवळिकीचं अर्धं गुपित या प्रमाणात आहे.

दुसरी, डोक्यामागून वळवलेला हात. कोपरात तो टोकदार मोडतो. इतक्या गोलाईच्या चित्रात हा कोन लागतोच, नाहीतर सगळा आकार उशीसारखा झाला असता. डोकं आणि हात यांच्यामध्ये जी रिकामी जागा उरते, तिचाही आकार देहाइतकाच विचार करून ठरवलेला आहे. ती थोडी मोठी केली तर हात निखळल्यासारखा दिसतो, बुजवली तर गळ्याभोवती आवळल्यासारखा.

तिसरी, निळ्या-पांढऱ्या चौकटी. या चित्रातली ही सर्वांत हुशारीची गोष्ट. फरशीच्या चौकटी चित्रात सहसा लांब जाताना निमुळत्या होतात, त्यामुळे जमीन मागे जाते. इथल्या चौकटी निमुळत्या होत नाहीत, आलेखाच्या वहीसारख्या समोर उभ्या राहतात. त्यामुळे देहाला मागे सरकायला जागाच उरत नाही, तो पुढे, आपल्या बाजूला येतो. शिवाय सरळ रेषांच्या या जाळीवर प्रत्येक वळण ठळक होतं. कंबरेची रेषा किती वाकली, हे मागची चौकट मोजून सांगते.

चौथी, गुलाबी आणि निळ्याचं नातं. एक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो. मिशेल-अजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने याची नीट मांडणी करून १८३९ मध्ये ग्रंथ लिहिला. पॅरिसच्या गोबलँ या विणकाम-कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर काळ्यात खोट नव्हती, शेजारचे धागे त्याला फिका दाखवत होते. साड्यांच्या दुकानात काठ आणि अंगाची जोडी लावणाऱ्याला हे शास्त्र न शिकता ठाऊक असतं: तोच गुलाबी खण निळ्या साडीवर एक दिसतो, अबोलीवर दुसरा. निळ्याचा विरोधी नारिंगी. म्हणून निळ्या चौकटींमध्ये ठेवलेला गुलाबी किंचित नारिंगीकडे, उबेकडे झुकतो. मातिसला देहात वेगळा नारिंगी फारसा मिसळावा लागला नाही, ते काम मागच्या निळ्याने केलं. ‘निळी’मध्ये निळा सावली होऊन देहात शिरला होता. ‘गुलाबी’त तो देहाच्या बाहेर राहून देहाला ऊब देतो. २८ वर्षांचा प्रवास या एका वाक्यात सांगता येतो.

चौकटींतल्या पांढऱ्या रेषांकडेही लक्ष द्यावं. सलग निळा असता तर त्याचा भार खूप झाला असता आणि देह कापून चिकटवल्यासारखा दिसला असता. पांढऱ्या रेषांनी तो निळा हलका होतो, त्यातून हवा खेळते.

घरी करून बघायचा प्रयोग

हे वाचून पटणं आणि डोळ्यांनी घडताना बघणं यात फरक आहे. प्रयोगाला दोन तास पुरतात. साहित्य: ए-फोर आकाराचे चार जाड पांढरे कागद, पोस्टर कलर (पांढरा, क्रिमसन, यलो ऑकर, कोबाल्ट किंवा अल्ट्रामरीन निळा आणि थोडा पिवळा), १० नंबरचा चपटा ब्रश, कात्री, टाचण्या आणि खाली थर्माकोलचा तुकडा.

एक कागद पूर्ण निळा रंगवा. दोन कागदांवर गुलाबी लावा: आठ भाग पांढरा, एक भाग क्रिमसन, अर्धा भाग ऑकर. ऑकर गाळू नका. नुसता पांढरा आणि क्रिमसन मिसळला की मिठाईच्या खोक्यासारखा थंड गुलाबी होतो, आणि कितीही निळा लावला तरी तो कातडीकडे झुकत नाही. पांढरा जास्त झाला तर रंग पिठूळ दिसतो. रंग वाळेपर्यंत निकाल देऊ नका. पोस्टर कलरमधल्या फिक्या छटा वाळल्यावर जरा गडद होतात आणि गडद छटा जरा फिक्या.

चौथ्या पांढऱ्या कागदातून दोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि निळ्यावर साधारण अडीच सेंटिमीटरच्या चौकटी लावून टोचा. उरलेला कागद पिवळा रंगवून ठेवा, तो पुढे लागेल. पांढऱ्या रंगाने रेषा ओढायचा मोह होईल, पण पोस्टर कलर पाण्याने पुन्हा विरघळतो. खालचा निळा ब्रशला लागतो आणि तिसऱ्या रेषेपासून पांढरा निळसर व्हायला लागतो.

आता पहिल्या गुलाबी कागदातून पहुडलेली आकृती कापा, लांबी १८ सेंटिमीटर. निळ्याच्या मधोमध टोचा. फोटो काढा. ही झाली दारातून दिसणारी बाई. मग दुसऱ्या गुलाबी कागदातून नवी आकृती कापा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पहिली आकृती चौकटी आखून मोठी करू नका. चित्र मोठ्या कॅनव्हासवर न्यायचं तर नुसतं चौकटींनी वाढवून चालत नाही, ते नव्याने कल्पावं लागतं, असं मातिसने १९०८ च्या आपल्या लेखात लिहिलं होतं. याचं कारण इथे हातांना कळतं. वाढवलेल्या आकृतीत डोकंही त्याच प्रमाणात फुगतं आणि नजर खेचून घेतं. डोकं पहिल्याइतकंच ठेवा, दंड आणि मांडी वाढवा.

कोपर किंवा गुडघा कागदाच्या कडेला नेमका टेकू देऊ नका. टेकलेलं टोक डोळ्याला खुपतं, नजर तिथून हलत नाही. एकतर कडेच्या बाहेर जाऊ द्या किंवा निदान पाच मिलिमीटर निळा राखा. देह चिकटवल्यासारखा दिसत असेल तर बहुतेक वेळा निळा फार गडद झालेला असतो. मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. देह पांढरा आणि मागचा भाग काळा दिसत असेल तर निळ्यात पांढरा मिसळून पुन्हा लावा.

उरलेल्या गुलाबीचे दोन सारखे चौकोन कापून एक निळ्यावर आणि एक पिवळ्यावर ठेवलात तर शेव्रलचा नियमही तिथेच तपासता येईल.

पडदा आणि काळ

पडद्यावरच्या रंगांवर फार विसंबू नये. एकाच चित्राच्या दोन छायाचित्रांत गुलाबी कुठे पीचकडे, कुठे जांभळ्याकडे झुकलेला असतो. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं छायाचित्र त्यातल्या त्यात भरवशाचं.

आणि काळही रंग बदलतो. मातिसचंच १९०५-०६ चं ‘जगण्याचा आनंद’ हे भव्य चित्र फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहात आहे. ‘निळी’ची पोझ तिथल्याच एका पहुडलेल्या आकृतीतून आली. त्यात वापरलेल्या पिवळ्यातलं कॅडमियम सल्फाइड उजेड आणि हवेमुळे बदलून पांढरट कॅडमियम सल्फेट झालं आहे. मधल्या पहुडलेल्या स्त्रियांखालचा झळाळता पिवळा आता हस्तिदंती दिसतो, आणखी काही ठिकाणी पिवळा तपकिरी झाला आहे. देहाचे रंग तेच असले तरी शेजारचा पिवळा विझल्याने त्यांची चमकही उतरली. शेजारचा रंग देहाला काय देतो हे इथे उलट्या बाजूने दिसतं.

प्रयोगाचा शेवटचा टप्पा राहिला. पिवळ्या कागदातून फुलांच्या भांड्याचा छोटा आकार कापा आणि मोठ्या आकृतीच्या वर, निळ्यावर ठेवून बघा. हाताएवढा ठेवला तर खोली परत येते आणि बाई दूर जाते. कापत कापत नखाएवढा करा. एका मापाला खोलीची नुसती खूण उरते आणि देह हलत नाही. मातिसने ती खूण पूर्ण पुसली नाही. तिथेच टाचणी टोचा.